तेराव्यानंतर आठच दिवस

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पावसाळ्यात माणूस गेलं की पहिली काळजी सरणाची. एका सरणाला तीनेकशे किलो लाकूड लागतं, तेही ओलं. डोक्यावर शेड नसेल तर ताडपत्री धरून अग्नी द्यायचा. शेजारीपाजारी गोवऱ्या, पेंढा आणून देतात म्हणून निभतं. तेराव्याच्या पंगतीसाठी मात्र कर्ज निघतं. ते कशासाठी, हे कुणी विचारत नाही!

कायदा पंगत मागत नाही. तो मागतो २१ दिवसांत मृत्यूची नोंद, आणि ती विनामूल्य आहे. १९६९च्या कायद्याप्रमाणे घरातल्या मृत्यूची खबर कुटुंबप्रमुखाने द्यायची. म्हणजे घरधनी गेला तर बहुतेक वेळा, मैत्रिणींनो, आपणच. पण तेरावा होईस्तोवर बाईने उंबरा ओलांडायचा नाही म्हटलं, की हातात आठच दिवस उरतात. मग दीराला नाहीतर मुलाला ग्रामपंचायतीत पाठवा. महिना उलटला की स्वसाक्षांकित कागदपत्र आणि परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्यावाचून सातबाऱ्यावर वारस लागत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर मिळणारे २० हजार रुपयेही अडतात.

साप चावून, विहिरीत बुडून कुणी गेलं तर आधी पोलीसपाटलांना कळवा. ‘चिरफाड नको’ म्हणून घाईने अग्नी दिला, की पंचनामा नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही. मग विधवेने मदत मागायची कशाच्या आधारावर?

आणि हो, जिल्हा वार्षिक योजनेच्या जनसुविधा अनुदानात दहनभूमी, दफनभूमीची कामं बसतात. येत्या ग्रामसभेत शेडची मागणी बायकांनीच लेखी द्यावी.