शाळेबाहेरचे गुरुजन आणि त्यांचा सत्कार

ज्या समाजांत ज्याचा सत्कार होतो, त्याच्यासारखें होण्याची इच्छा त्या समाजांतील मुलांच्या मनांत सहज उत्पन्न होते. म्हणून सत्कार कोणाचा करावा हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाहीं. आमच्या स्नेहसंमेलनांत परीक्षेंत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास बक्षीस मिळतें, धांवण्याच्या शर्यतींत जिंकणाऱ्यास ढाल मिळते, वक्तृत्वांत चमकणाऱ्या मुलीच्या नांवानें टाळ्यांचा कडकडाट होतो. आणि हें सर्व योग्यच आहे. परंतु आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत गुरुजनांचा आणखी एक वर्ग आहे. त्यांच्याजवळ फळा नाहीं, खडू नाहीं, हजेरीपट नाहीं. रान कसें राखावें, पाणी कसें जपावें, वाघाच्या शेजारीं कसें राहावें, हें ते आपल्या गांवच्या लोकांस शिकवीत असतात. अशा मंडळींचा गौरव व्हावा कीं नाहीं, आणि व्हावा तर कोणत्या रीतीनें, याविषयीं चार शब्द वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम आपण कोठें राहतों तें पाहूं. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्यांचें पाणी आणि साग, बांबू, मोह, तेंदू यांची दाट वनश्री ही आपली वडिलोपार्जित संपत्ति. एका बाजूस ताडोबा; तें १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें व १९९५ सालीं अंधारीच्या अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्पांत आलें. दुसऱ्या बाजूस दगडी कोळशाच्या खाणी आणि विजेचें मोठें औष्णिक केंद्र. रान आणि कारखाना हे इतक्या जवळ नांदत असल्यामुळें येथील मुलास पर्यावरण हा शब्द पुस्तकांतून शिकण्याची गरज पडूं नये. तरी ती पडते, हेंच आश्चर्य!

आतां एक उदाहरण देतों. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) नांवाचें गोंड वस्तीचें एक लहानसें गांव आहे. या गांवांत ग्रामसभेचे निर्णय बहुमतानें होत नाहींत. सर्वांची संमति मिळेपर्यंत चर्चा चालते. "दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार" ही त्या गांवची घोषणा आज दूरवर पोंचली आहे. परंतु घोषणेपेक्षां महत्त्वाची गोष्ट ही कीं, या गांवानें अभ्यास करण्याची संवय लावून घेतली. कोणताही प्रश्न आला कीं गांवकरी अभ्यासगटांत एकत्र बसतात, बाहेरच्या जाणत्यांसही बोलावितात, शंका विचारतात, आणि मग ग्रामसभा निर्णय घेते. श्री. देवाजी तोफा यांचें नेतृत्व आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचें साहचर्य यांतून ही पद्धत वाढीस लागली. मोहनजींनीं स्वतःच्या नांवापुढें आईचें नांव आधीं व वडिलांचें नंतर लाविलें होतें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. २०२५ सालीं ते निवर्तले.

या अभ्यासाचें फळ काय? एक साधी गोष्ट घ्या. पूर्वीं मध काढावयाचा म्हणजे जाळ व धूर करून माशा जाळावयाच्या आणि सबंध पोळें तोडून आणावयाचें, अशी रीत होती. त्यांत माशाही मरत आणि पुढल्या वर्षाचा मधही. अभ्यासानंतर मेंढ्याच्या मंडळींनीं पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घेण्याची व पिलांचा भाग तसाच ठेवण्याची रीत उचलली. पोळें पुन्हां भरतें, माशा जगतात, माशांवांचून ज्यांची फळधारणा अडते तीं झाडेंही फळतात. एका सुरीच्या कापण्यांत केवढें शास्त्र सांठलेलें आहे पाहा! आणि हें शास्त्र त्यांनीं कोणत्याही परीक्षेसाठीं शिकलेलें नाहीं.

पुढें वनहक्क मान्यतेचा २००६ चा कायदा झाला, आणि २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशांत असा हक्क सर्वांत आधीं मिळविणाऱ्या गांवांत मेंढ्याची गणना होते. तरीही बांबू विकण्यासाठीं लागणारा वाहतुकीचा परवाना कांहीं केल्या मिळेना. गांवानें शांतपणें, कायद्याच्या वाटेनें आग्रह चालूं ठेविला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनीं स्वतः गांवांत येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. अभ्यास करणाऱ्या गांवापुढें राजधानीस यावें लागलें, हा प्रसंग शाळेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत शोभण्यासारखा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यांतही असें उदाहरण आहे. गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवास २०१२ सालीं हजार हेक्टरांच्या आसपास जंगलाचा हक्क मिळाला. गांवानें स्वतःचे नियम केले. तेंदूपत्ता हें हातीं ताबडतोब पैसा देणारें उत्पन्न. पण कोवळीं पानें यावींत म्हणून झुडपें छाटावीं लागतात आणि त्या पायीं रानास आगी लागतात, हें पाहून त्यांनीं तेंदूची तोड बंद केली व बांबूवर भर दिला. तेंदूचीं फळें आतां झाडावर पिकतात आणि माणसें व पांखरें दोघेंही तीं खातात. जंगलाचा एक भाग तर त्यांनीं देवराईसारखा अगदीं अस्पर्श राखून ठेविला आहे. समोरचा रोख पैसा सोडून उद्यांचा विचार करणें हें मोठमोठ्या विद्वानांसही साधत नाहीं; तें या गांवास साधलें.

अशा लोकांचा गौरव करावा, असें म्हटलें कीं कांहीं आक्षेप पुढें येतात. त्यांचा प्रामाणिकपणें विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, आपलें रान राखणें हें ज्याचें त्याचें कर्तव्य आहे. कर्तव्याचा सत्कार कशाला? परंतु पहाटे उठून अभ्यास करणें हेंही विद्यार्थ्याचें कर्तव्यच नव्हे काय? तरी आपण त्यास बक्षीस देतों. कारण एकाचें कर्तव्य पाहून दहांस आपलें कर्तव्य आठवतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सत्कारानें एकच व्यक्ति मोठी होते आणि तिच्यामागें राबणारे शेंकडों हात झांकले जातात. हा आक्षेप मला खरा वाटतो. मेंढ्याचें कार्य कोणा एकाचें नसून सबंध ग्रामसभेचें आहे. म्हणून माझ्या मतें गौरव शक्य तेथें गांवाचा, बचतगटाचा, वनरक्षक मंडळीचा करावा. आणि व्यक्तीचा केला तरी तिनें कोणाकोणास शिकविलें, हें त्याच वेळीं मोठ्यानें सांगावें. शिक्षकाचा खरा मान त्याच्या शिष्यांत असतो.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे, आणि तो त्यांच्या कष्टांतून निघालेला आहे. ते म्हणतात, "गुरुजी, आम्ही जन्मभर मोह वेंचला, तेंदू तोडला, आमच्या मुलांनीं तरी त्यांतून बाहेर पडावें म्हणून शाळेंत घातलें. तुम्ही पुन्हां त्यांस रानाकडेच कां वळवितां?" या प्रश्नास हंसण्यावारीं नेणारा मनुष्य खरा शिक्षक नव्हे. माझें उत्तर इतकेंच कीं, रानाचें ज्ञान असणें म्हणजे रानांत अडकून पडणें नव्हे. आपला मुलगा वैद्य होवो, वकील होवो कीं अभियंता होवो. ज्या गांवानें बांबूच्या परवान्यासाठीं कायदा वाचला, त्या गांवास शिकलेल्या मुलांची गरज आहे. आईबापांचें ज्ञान तुच्छ मानून शिकलेला मुलगा परका होतो; तें आदरानें घेऊन शिकलेला मुलगा आधार होतो.

येथें मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं मीं वर्गांत परिसरांतील दहा झाडांचीं नांवें लिहावयास सांगितलीं होतीं. मागल्या बांकावरील एका मुलानें दहाच्या ठिकाणीं तेवीस नांवें लिहिलीं. परंतु तीं त्याच्या घरच्या माडिया भाषेंतलीं होतीं. मला तीं ओळखतां आलीं नाहींत, आणि मीं त्यांवर लाल रेघ ओढली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढें एकदां त्याच्या गांवावरून जात असतां त्याच्या आजीनें वाटेंतल्या एकेका झाडावर हात ठेवून त्याचें नांव, त्याच्या सालीचा उपयोग, त्याच्या फुलण्याचा काळ मला सांगितला. तीं नांवें मीं पूर्वीं वाचलेलीं होतीं, त्याच लाल रेघेच्या खालीं! त्या दिवशीं अज्ञानी कोण होता हें सांगावयास नको. त्या मुलाच्या वहीवरचा डाग पुसतां येत नाहीं. परंतु पुढल्या मुलांच्या वह्या तरी वांचविल्या पाहिजेत, म्हणून हा लेख.

सन्मान उशिरां येतो ही तर आपली जुनीच रीत. वनखात्यांत आयुष्य वेंचलेले मारुती चितमपल्ली यांनीं विदर्भाच्या रानांतील गोंड, ढीवर आदि लोकांपासून पशुपक्ष्यांचें ज्ञान गोळा करून मराठीस दिलें. पक्ष्यांच्या सामूहिक घरट्यांसाठीं 'काकागार', 'सारंगागार' असे सुंदर शब्द त्यांनीं घडविले. त्यांस पद्मश्री मिळाली ती २०२५ सालीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं, आणि त्याच वर्षाच्या जूनमध्यें ते निवर्तले. शेजारच्या कर्नाटकांत शाळेचें तोंड न पाहिलेल्या तुळशी गौडा यांस बियांचें व रोपांचें अचूक ज्ञान होतें. त्यांसही २०२० ची पद्मश्री उतारवयांतच मिळाली. दूर आफ्रिकेंत केनिया देशीं वंगारी माथाई यांनीं १९७७ पासून खेड्यांतील बायकांस रोपवाटिका करावयास शिकविलें; त्यांस २००४ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. जगानें या स्त्रियांस गुरु मानलें. मग आमच्या वाटेवरच्या आजीस आम्हीं कां मानूं नये?

२२ नोव्हेंबर १९९१ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें एम. सी. मेहता यांच्या अर्जावर निकाल देतांना पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून आवश्यक करावा असा आदेश दिला. त्याप्रमाणें विषय आला, पुस्तकें आलीं, प्रकल्पवह्याही आल्या. परंतु ध्रुवावरील बर्फाविषयीं उत्तर लिहिणाऱ्या आमच्या मुलास दारांतल्या पळसास केव्हां फूल येतें तें सांगतां येत नाहीं. पुस्तक दूरचें दाखवितें, जवळचें दाखविण्यास माणूस लागतो. आणि आपल्याकडे हें ज्ञान केवळ शोभेचें नाहीं. दर उन्हाळ्यांत पहांटे मोहाचीं फुलें वेंचावयास जाणाऱ्या आयाबहिणींवर वाघाचे हल्ले होतात. एकट्यानें जाऊं नका, अंधारांत जाऊं नका, ओणवें बसतांना सोबतीण उभी ठेवा, असें घरोघर सांगत फिरणारा गांवचा तरुण हा पर्यावरणाचा शिक्षकच आहे. त्याच्या एका शब्दानें एखाद्या विद्यार्थ्याची आई सुखरूप घरीं येते.

मग सत्कार कसा करावा? एका समारंभांत मीं पाहिलें कीं, रानाची खडान्खडा माहिती असलेल्या एका वृद्धास व्यासपीठावर बसविलें, शाल पांघरली, श्रीफळ दिलें, छायाचित्र काढलें. आणि दोन तासांत त्यास कोणीं एकही प्रश्न विचारला नाहीं. हा सत्कार नव्हे. ज्ञानी माणसाचा सत्कार म्हणजे त्याचें ज्ञान मागणें.

म्हणून माझी सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक शाळेनें वर्षांतून एकदां आपल्या पंचक्रोशींतील अशा एका व्यक्तीस किंवा गटास बोलावावें. शालीबरोबर त्यांच्या हातीं एक तास द्यावा, आणि त्या तासास शिक्षकांनींही मुलांच्या रांगेंत बसावें. ते जें सांगतील तें त्यांच्या भाषेंतील नांवांसह मुलांनीं एका कायमच्या वहींत उतरवावें. ती वही शाळेच्या ग्रंथालयांत राहावी, आणि तिच्या पहिल्या पानावर त्या गुरुजनांचीं नांवें असावींत. शेवटीं वर्गानें त्यांनीं शिकविलेली एक तरी गोष्ट वर्षभर पाळावी. मग ती नाल्याची सफाई असो, वणवा न लावण्याची प्रतिज्ञा असो, कीं एखाद्या जुन्या झाडाची राखण असो. दहा वर्षांत दहा वह्या होतील. हा ठेवा कोणत्याही ढालीपेक्षां मोलाचा ठरेल.

विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत घरीं गेल्यावर आपल्या आजीआजोबांस एक प्रश्न तरी विचारा. पालकहो, तुम्हीं जें जाणतां तें क्षुल्लक आहे असें मानूं नका. मुलानें विचारलें तर कामाच्या गडबडींतही दोन शब्द सांगा. आणि माझ्या शिक्षकबंधूंनो, एखाद्या वहींत अनोळखी नांव दिसलें तर लाल रेघ ओढण्यापूर्वीं क्षणभर थांबा. कदाचित् तेथें आपला गुरु बसलेला असेल.