विंडोज की लिनक्स? प्रश्न मालकीचा आहे

मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. मंत्री आले, कॅमेरे आले, दुकानांत कार्ड स्वाइप करायची मशीन आली. पुढे तिथला व्यवहार पुन्हा रोखीवर आल्याच्याही बातम्या छापून आल्या. मशीन गावात होतं. नेटवर्क, शुल्क आणि नियम मात्र गावाबाहेर ठरत होते. यंत्र हातात आलं म्हणून त्याची सत्ताही हातात येत नाही, हा धसईचा धडा आहे.

तोच धडा आज आपल्या कॉम्प्युटरला लागू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. वर्षभराची वाढीव मुदत दिली, तीही त्यांच्या अटींवर. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. विहारांतल्या, वस्तीतल्या अभ्यासिकांत देणगीतून आलेली जुनी मशीन या अटीत बसणार कशी? चालू मशीन भंगारात निघतं, आणि तो निर्णय आपण घेतलेलाच नसतो.

मग पर्याय काय? ॲपलचं मॅकओएस फक्त ॲपलच्याच महागड्या मशीनवर मिळतं. गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स जुन्या मशीनवर चालतं, पण त्याचं बहुतेक काम गूगल खातं आणि इंटरनेटवर अवलंबून. जिथे रेंज शोधत फिरावं लागतं तिथे ते अपुरं पडतं. उरतं लिनक्स. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, मराठी युनिकोड टायपिंग, सगळं फुकट आणि कायदेशीर. दुकानदाराने गुपचूप टाकून दिलेलं चोरीचं विंडोज आणि त्यासोबत येणारे व्हायरस यांतूनही सुटका होते.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "साहेबांच्या पोरांना विंडोज आणि आमच्या पोरांना फुकटातलं लिनक्स? हा दुजाभाव झाला." राग समजतो. आजवर आपल्या वाट्याला उरलंसुरलंच आलं. पण हे उरलंसुरलं नाही. जगातले बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं आयटी विषय लिनक्सवर शिकतात आणि दहावीची परीक्षाही त्यावरच देतात. ते केरळच्या मुलांना जमतं, मग आपल्या मुलांना का जमू नये?

दुसरा आक्षेप खरा आहे. एमएस-सीआयटीत विंडोज शिकवतात, टॅली आणि जुन्या मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात, काही प्रिंटर लिनक्सवर कुरकुर करतात. म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे: अभ्यासिकेत एखादं मशीन विंडोजचं ठेवा, बाकीची लिनक्सवर न्या. पोराला दोन्ही यायला हवं. ज्याला एकच येतं, तो त्या एका कंपनीचा बांधील होतो.

आणि लिनक्सवाल्यांनाही सुनवायचं आहे. "सगळ्यांना मोकळं आहे, घ्या की" एवढं म्हणून भागत नाही. १९२३ च्या बोले ठरावानंतर १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं होतं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसांना त्यातलं पाणी घेता आलं नाही. पाणी आणि कॉम्प्युटर यांची बरोबरी आम्ही करत नाही. पण कागदावरचा हक्क संघटित होऊन बजावावा लागतो, हे महाडनेच शिकवलं. फुकट सॉफ्टवेअर शिकवणारा माणूस वस्तीत नसेल, तर तेही मूठभर इंग्रजी जाणणाऱ्यांचं कुरणच राहतं.

म्हणून यंदाच्या जयंतीला डीजेवरचा थोडा खर्च वाचवा. त्यात काही जुन्या मशीनना एसएसडी बसेल. प्रत्येक तालुक्यात, मुरबाड-शहापूरच्या पाड्यांपर्यंत, लिनक्स टाकू शकणारे आणि मराठीतून शिकवू शकणारे दोन तरी तरुण-तरुणी तयार करा. "शिका" या आदेशात आज हेही येतं.

जय भीम!