आठवा गडी

दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की संपादकांचा निरोप येतो. यंदाचा निरोप असा होता : "अमेरिकेला जाऊन आला आहात, तेव्हा तिकडचेच काहीतरी खुसखुशीत द्या."

आता अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने काय सांगावे हे ठरून गेलेले आहे. नायगारा, स्वातंत्र्यदेवी, आणि तिकडची भाजी कशी धुऊन पुसून मांडलेली असते ते. हे सारे मी पाहिले. पण लेकीकडे न्यू जर्सीत काढलेल्या सहा महिन्यांतले माझे बहुतेक शुक्रवार एका लाँड्रीशेजारच्या लांबट खोलीत, पत्ते कुटणाऱ्या पोरांच्या घोळक्यात गेले. आणि खरे सांगायचे तर नायगारापेक्षा मला तीच खोली जास्त आठवते. सौ.ने हे ऐकून कपाळाला हात लावला. "सातासमुद्रापलीकडे जाऊन शेवटी पत्तेच ना!" ती म्हणाली.

पण हे पत्ते आपले बावन्न पानांचे नव्हेत. या खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. १९९३ साली तो बाजारात आला. रचणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणिती. अमेरिकेचे विसावे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांचे खापरपणतू. फिलाडेल्फियाला, म्हणजे माझ्या लेकीच्या गावापासून तास-दीड तासाच्या वाटेवर, ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी हा खेळ बेतला. गोम अशी की सगळी पाने कोणाकडेच नसतात. ती बंद पाकिटांतून विकत घ्यायची. आत काय निघेल ते आपले नशीब. मग नको ती द्यायची, हवी ती मिळवायची, आणि साठ पानांचा आपापला कॅट बांधून समोरच्याशी लढायचे. लहानपणी गिरगावात आम्ही काडेपेट्यांचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटे जमवत असू, त्याचीच ही शिकलेली, पैसेवाली नात म्हणा ना!

राक्षस, परी, विजा, शापवाणी अशी नाना चित्रे या पानांवर असतात. पण ती खेळायची तर आधी जमिनीची पाने हातात यावी लागतात : मैदान, बेट, दलदल, डोंगर, रान. आपल्या एका पाळीला एकच जमीन मांडता येते. ती आलीच नाही, तर हातात भला मोठा राक्षस असूनही माणूस नुसता बसून राहतो. जमिनीवाचून सगळे अडते, हे कोकणातल्या माणसाला निराळे समजावून सांगायला नको. हा नियम मला पहिल्याच दिवशी पटला.

आमचा नातू चौदा वर्षांचा. लेक आणि जावई शुक्रवारी उशिरा घरी येत, म्हणून दुकानापर्यंत त्याच्याबरोबर मी जाई. त्याला सोबत मी की मला सोबत तो, हा प्रश्न आम्ही दोघांनीही कधी काढला नाही. दुकान पायी पंधरा मिनिटांवर. पुढच्या बाजूला चित्रकथांची पुस्तके, काचेच्या कपाटात सुटी पाने, मागे सहा लांब टेबले. मालक साठीचा, अंगाने आडवा, बोलायला तुटक. नातू नऊ वर्षांचा असताना याच गृहस्थाने त्याला समोर बसवून खेळ शिकवला होता, एक पैसा न घेता. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात सामने भरवायचे ही रीत कंपनीनेच २००० सालापासून घालून दिलेली आहे, आणि मालकाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने तेव्हापासून फार थोडे शुक्रवार चुकवले होते.

गेल्या वर्षी हमरस्त्यावर, गाडीने दहा मिनिटांवर, दुसरे दुकान निघाले. लखलखीत दिवे, नव्या खुर्च्या, कॉफीचे यंत्र. आणि तिथून चढाओढ सुरू झाली. यांचा सामना साडेसहाला, म्हणून त्यांनी सहाला लावला. त्यांनी पहिल्या बक्षिसाची पाकिटे दुप्पट केली, तेव्हा यांनी पिझ्झा ठेवला. त्यांनी आठवड्याला दुसरा सामना सुरू केल्यावर यांनी प्रवेश फी उतरवली. गणपतीच्या वर्गणीवरून भांडणारी दोन मंडळे मी पाहिली आहेत; आमच्याच वाडीत कॅरमची दोन मंडळे होती, आणि एकाचा स्ट्रायकर दुसऱ्याच्या बोर्डावर दिसला तर मारामारी होई. पण त्या भांडणात कोणाच्या घराची चूल अडकलेली नव्हती. इथे अडकली होती.

ती कशी, हे कळायला मला महिना लागला. सामन्याची फी बहुतेक बक्षिसांतच परत जाते. दुकानदाराला सुटते ते सुट्या पानांवर, पाकिटांवर, पानांच्या प्लास्टिकच्या वेष्टणांवर आणि थंड पेयाच्या बाटल्यांवर. मग सामना भरवायचाच कशाला? तर कंपनी प्रत्येक दुकानातल्या खेळणाऱ्यांची मोजदाद ठेवते, आणि नव्या मालातला वाटा त्या हजेरीच्या मानाने देते. म्हणजे ज्याच्याकडे डोकी कमी त्याला माल कमी, ज्याला माल कमी त्याच्याकडे पुढच्या खेपेला डोकी आणखी कमी. हे गणित समजल्यावर, मालक दर शुक्रवारी दाराशी उभा राहून ओठांतल्या ओठांत काय मोजतो, ते माझ्या ध्यानात आले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नातवाच्या वाढदिवसाला मी पाकिटांचा एक अख्खा खोका घेतला, तो जावयाच्या संगणकावरून मागवून. दुकानापेक्षा अठरा डॉलर कमी पडले, आणि निवृत्त माणसाला अठरा डॉलर म्हणजे किती रुपये याचा हिशेब तोंडपाठ असतो. तो खोका घेऊन आम्ही कुठे फोडायला बसलो असू? त्याच दुकानात, त्याच्याच टेबलावर! मालकाने पाहिले. तो काही बोलला नाही. फक्त फाडलेल्या वेष्टणांसाठी कचऱ्याची टोपली आणून माझ्या खुर्चीशेजारी ठेवली. मुंबईच्या दुकानदाराने चार शब्द सुनावले असते, आणि मला हलके वाटले असते.

दोन दुकाने कमी म्हणून की काय, तिसरा एक पक्ष होता. गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात शनिवारी मुलांचा क्लब भरे. एक शाळामास्तरीण बाई तो चालवत. फी नाही, बक्षीस नाही, आणि ज्याच्याजवळ महागडे पान नाही त्याने कागदाच्या तुकड्यावर त्याचे नाव लिहून खेळले तरी चाले. दुकानातल्या अधिकृत सामन्यात अशा कागदाला थारा नाही. तिथे खरेच पान हवे. उलट क्लबाला अधिकृत सामना भरवता येत नाही, कारण कंपनी ती मान्यता रस्त्यावर दार असलेल्या दुकानालाच देते.

मी एकदा बाईंना भेटलो. "माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी एका पानाला तीस डॉलर द्यायची ऐपत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी काय काचेबाहेरून बघत राहायचे? आणि बंद पाकीट विकत घेऊन नशीब काढायचे, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी म्हटले, आमच्याकडे मटका म्हणतात, आणि नंतर त्या शब्दाचा अर्थ सांगताना माझी पुरेवाट झाली.

दुकानदाराची बाजू दुसरी. "तिथे शिकतात, संगणकावरून विकत घेतात, आणि पाऊस आला की माझ्याकडे येऊन बसतात," तो म्हणाला. 'संगणक' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही, हा त्याचा चांगुलपणा. माझे मत विचाराल, तर बाईंचे म्हणणे खरे होते आणि माझा जीव दुकानदाराकडे ओढत होता. वाचनालयाचे भाडे नगरपालिका भरते. लाँड्रीशेजारच्या खोलीचे भाडे त्या माणसाला भरावे लागे.

आता त्या शुक्रवारची गोष्ट. ऑगस्टचा महिना, बाहेर आपल्याकडच्यासारखा पाऊस. नव्या दुकानात त्या दिवशी मोठा सामना होता. आमच्या दुकानात 'ड्राफ्ट' ठेवला होता, आणि ड्राफ्टची खरी बैठक आठांची. साडेसहा झाले, पावणेसात झाले, जमले सात. नातवाचा फोन खिशात सारखा गुरगुरत होता. तिकडे मित्रांनी त्याची जागा धरून ठेवली होती, एकाची आई गाडी घेऊन न्यायला यायला तयार होती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले. त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

मालकाने सात डोकी पुन्हा मोजली, जणू दुसऱ्यांदा आठ भरतील. मग तो माझ्यापाशी आला. "सर, तुम्ही खेळता का?"

बहात्तर वर्षांत मी मेंढीकोट खेळलो आहे, रमी खेळलो आहे, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ब्रिजसुद्धा खेळलो आहे. "खेळतो," मी म्हणालो. नातवाने डोळे मिटून घेतले.

ड्राफ्ट म्हणजे असे : प्रत्येकाला तीन बंद पाकिटे. पहिले फोडायचे, त्यातले एक पान ठेवायचे, उरलेली डावीकडच्याला द्यायची. असे फिरत फिरत पाकीट संपते. दुसरे पाकीट उजवीकडे फिरते, तिसरे पुन्हा डावीकडे. जमलेल्या पानांतून चाळीसचा कॅट बांधायचा. जमिनीची साधी पाने दुकानदार देतो. रंग पाच आहेत, त्यांतले दोन धरावेत असा शहाणपणा आहे. मी पाचही धरले. मला सिंह आवडले, तेव्हा दिसेल तो सिंह मी घेतला. नातू माझ्या उजव्या हाताला बसला होता आणि अधूनमधून खाकरत होता. पावसात भिजला असेल, असे मला वाटले.

पहिल्या फेरीत एका कॉलेजकुमाराने मला आठ मिनिटांत लोळवले. संपले म्हणून मी छत्री शोधू लागलो, तर मालक म्हणाला, "बसा, अजून दोन फेऱ्या आहेत." या सामन्यांत हरलेल्याला घरी पाठवत नाहीत. बुद्धिबळवाल्यांनी १८९५ साली झुरिकला काढलेली ही स्विस पद्धत : जिंकणारा जिंकणाऱ्याशी, हरणारा हरणाऱ्याशी. फार सभ्य पद्धत आहे. दुसरी फेरीही मी हरलो. आणि तिसऱ्या फेरीला, दोन्ही डाव गमावलेला दुसरा इसम म्हणून, समोर नातू येऊन बसला.

"तू कसा रे हरलास?" मी विचारले.

"आजोबा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मी माझ्या पाकिटांतली चांगली चांगली पाने तुमच्यासाठी सोडत होतो. खाकरत पण होतो. तुम्ही ती सगळी पुढे पाठवलीत!"

पुढे, म्हणजे माझ्या डाव्या हाताच्या त्या कॉलेजकुमाराकडे. तो त्या रात्री पहिला आला.

आमच्या फेरीतला पहिला डाव मी जिंकला. त्याला जमीनच येईना, आणि माझे दोन सिंह सुखाने चालून गेले. पुढचे दोन त्याने जिंकले. शेवटी मालकाने यंत्रावर आठ नावे भरली, आठही जणांना एकेक पाकीट दिले, आणि दिवे मालवायच्या आधी बराच वेळ टेबले पुसत राहिला. कंपनीच्या दप्तरात आता माझेही नाव आहे. ज्याने पेन्शनच्या कचेरीत नावासाठी खेटे घातले, त्याला याचे अप्रूप वाटणारच.

घरी परतताना नातू बराच वेळ गप्प होता. लाँड्रीच्या कोपऱ्यावर म्हणाला, "आजोबा, पुढच्या शुक्रवारी मी तिकडे गेलो तर?"

चौदा वर्षांच्या मुलाचे मित्र तिकडे. त्याला अडवणारा मी कोण? आणि अठरा डॉलर वाचवणाऱ्याने तर तोंडच उघडू नये. "जा," मी म्हणालो, "पण यांना तू स्वतः सांग."

"ते जास्त कठीण आहे," तो म्हणाला. मी म्हटले, असू दे.

सप्टेंबरअखेर आम्ही पुण्याला परतलो. परवा त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी विचारले, "शुक्रवारी किती जमले होते?"

"सहा."

"तू धरून?"

पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. "मी तिकडे होतो, आजोबा. त्यांना आधी सांगून गेलो होतो." मग घाईघाईने, "पण शनिवारी त्यांच्याकडे गेलो आणि चार पाने विकत घेतली. संगणकावर स्वस्त होती, तरी. ते तुमची चौकशी करत होते. म्हणाले, ते सिंहवाले गृहस्थ परत कधी येणार?"