शेतकरी शेतीत पैसा का घालीत नाही?

शेतकरी शेतीत भांडवल गुंतवीत नाही, तो जुन्या वळणाचा आहे, धोका पत्करण्याची त्याची तयारी नाही, अशी तक्रार सरकारी अहवालांतून आणि बँकांच्या परिसंवादांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. या तक्रारीची शहानिशा करावयाची असेल तर चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरील सिरुसेरीपाशी थोडे थांबावे.

आज हे नाव घेताच सिपकॉट या राज्य सरकारी महामंडळाची संगणक-वसाहत आणि टाटा कन्सल्टन्सीचे अवाढव्य संकुल डोळ्यांपुढे येते. परंतु चेंगलपट्टूचा हा मुलूख जुन्या काळापासून तळ्यांचा म्हणून ओळखला जातो. पावसाचे पाणी बांध घालून अडवावयाचे, गाळ उपसावयाचा, खालची भातशेती भिजवावयाची, ही येथील रीत. शेजारच्या कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर येथे दहाव्या शतकातील चोळांचे शिलालेख आहेत. गावच्या तळ्याचा कारभार पाहणाऱ्या समितीचा त्यांत उल्लेख येतो. (ती सभा ब्राह्मण जमीनधारकांची होती आणि गाळ उपसणारे हात बहुधा दुसऱ्यांचेच होते, हेही ध्यानात ठेवावे.) तरीही तळ्यावर खर्च होत असे, कारण पुढल्या साली तेच पाणी त्याच शिवाराला मिळेल याची खात्री होती.

तामिळनाडूत शेतीपंपांना 1990 पासून वीज मोफत आहे. स्वस्त साधनांनीच गुंतवणूक वाढत असती, तर शहराच्या वेशीवरील गावांत नव्या विहिरींची रांग लागावयास हवी होती. पण जेथे जमिनीचा भाव भाताच्या उत्पन्नावर न ठरता रस्त्यापासूनच्या अंतरावर ठरतो, तेथे विहिरीवरचा खर्च विक्रीच्या दिवशी शून्य होतो. घेणारा विहीर बुजवूनच पाया घालणार! 1894 च्या भूसंपादन कायद्याने तर 24 व्या कलमात स्पष्टच सांगितले होते की, पहिली अधिसूचना निघाल्यानंतर कलेक्टरच्या मंजुरीवाचून जमिनीत केलेली सुधारणा भरपाईत धरावयाची नाही. हा कायदा 2013 अखेरपर्यंत जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू होता. अशा अधिसूचनेच्या छायेत फुटलेला बांध कोण बांधील?

जमीन जाण्याची भीती नाही तेथे भावाची भीती आहे. नाशिकचा शेतकरी उन्हाळ कांद्यासाठी चाळ बांधतो, ही गुंतवणूकच होय. चैत्रात काढलेला माल पावसाळाभर ठेवावयाचा, वजनातील घट आणि सड सोसावयाची आणि पुढे बरा भाव येईल या आशेवर राहावयाचे. ऑगस्ट 2023 मध्ये, नेमक्या चाळी भरलेल्या असताना, केंद्र सरकारने निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसविले. डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे 2024 मध्ये लोकसभेचे मतदान चालू असताना बंदी उठविली, पण 40 टक्के शुल्क ठेवले. सप्टेंबरात ते 20 वर आणले. 1 एप्रिल 2025 ला ते रद्द झाले. वीस महिन्यांत पाच फर्माने! शहरातील कामगाराला कांदा स्वस्त मिळाला पाहिजे याविषयी आमचे दुमत नाही. पण त्या स्वस्ताईचा सारा भार उत्पादकाच्या माथी मारावयाचा आणि मधल्या व्यापाऱ्याच्या नफ्याला बोट लावावयाचे नाही, ही कोठली नीती? दुसरी चाळ शेतकऱ्याने कोणत्या हिशेबावर बांधावी?

मराठीतील 'गुंतवणूक' हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. पैसा त्यात खरोखरच गुंततो. शेअर सकाळी घेऊन सायंकाळी विकता येतो, विहीर तशी विकता येत नाही. म्हणूनच तोंडी बोलीवर बटाईने कसणारा शेतकरी युरिया टाकतो, कारण त्याचे फळ त्याच हंगामात हाती येते; शेणखत आणि बांधबंदिस्ती मात्र तो टाळतो, कारण दोन-तीन वर्षांनी त्याचा लाभ मालकाला किंवा दुसऱ्याच बटाईदाराला होणार. सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, म्हणून बँकेचे दारही त्याला बंद. त्याला जुन्या वळणाचा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2018-19 च्या आकड्यांनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये होते. त्यांपैकी पिकांपासून 3,798 आणि मजुरीपासून 4,063. निम्म्याहून अधिक कुटुंबे कर्जात होती. म्हणजे विहिरीसाठी पैसा काढावयाचा तो मजुरीतून, नाहीतर सावकाराकडून. स्वामिनाथन आयोगाने 2006 मध्ये उत्पादनखर्चावर किमान 50 टक्के अधिक हमीभाव देण्याची शिफारस केली. 2018 च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट भावाची घोषणा केली खरी, परंतु त्यासाठी धरलेल्या खर्चातून स्वतःच्या जमिनीचा खंड वगळला आहे. आणि शेतकऱ्याने विहिरीत, पंपात, अवजारांत घातलेल्या स्वतःच्या भांडवलावरील व्याजही वगळले आहे. किसान सभेसह शेतकरी संघटना सर्वंकष खर्चावर दीडपट भाव मागत आहेत, तो याच वगळलेल्या रकमेसाठी.