दोन वह्या



मागच्या एका लेखात आम्ही ओघाने लिहून गेलो होतो की, आमच्या घरी श्वानपालनाचा धंदा आहे. त्यावर बऱ्याच जणांनी विचारणा केली. कोणी विचारले, धंदा परवडतो का? कोणी विचारले, जागा किती लागते? एका भगिनीने तर स्पष्टच विचारले, "दिवसभर कुत्र्यांत राहून किळस येत नाही का?" तेव्हा या खेपेला दुसरा विषय न घेता आमच्या घरचा एक दिवसच तुमच्यापुढे ठेवतो. मग ज्याचे त्याने ठरवावे.

नागपूर शहराच्या बाहेर आमचे छोटेसे घर आहे. मागे मोकळी जागा. तिथे एका बाजूला 'पाहुण्यांच्या' दहा खोल्या, म्हणजे गावाला जाणारे लोक जी कुत्री आमच्याकडे ठेवून जातात त्यांच्या. दुसऱ्या बाजूला घरच्या कुत्र्यांच्या चार खोल्या आणि बाळंतिणीची एक. काम करणारे आम्ही दोघे, आमची आई, मुलगी आणि मुलगा. पगारी माणूस नाही. २०१२ साली सुरुवात केली तेव्हा फक्त तीन खोल्या होत्या.

आमचा दिवस पहाटे साडेचारला उजाडतो. उन्हाळ्यात तर चारलाच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो हे सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. म्हणून ऊन चढण्याआधी सगळ्यांना फिरवून आणावे लागते. नऊनंतर कोणाला बाहेर काढायचे नाही. दुपारी वाळ्याच्या ताट्या, कुलर, आणि मातीच्या कुंड्यांत पाणी.

फिरवून आणले की झाडलोट. शेण-मूत काढायचे, फरशी धुवायची, भांडी घासायची. त्यानंतर प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरवायचा. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का ते पाहायचे. पावसाळ्यात हे काम दुप्पट होते. एका गोचिडीपासून ताप भरतो, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि धडधाकट कुत्रे आठ दिवसांत उठेनासे होते. तोवर आई चुलीवर मोठ्या गंजात भात आणि कोंबडीचे मांस शिजवत असते. त्यात कांदा नाही, मसाला नाही. कांदा कुत्र्याला विषासमान. शिजवलेली हाडेही देत नाही, ती चिरफळून आतड्यात रुततात.

आता किळसेचा प्रश्न. सुरुवातीला आमच्या नात्यातले लोकच म्हणायचे, "शिकलेसवरलेले तुम्ही, आणि कुत्र्याची घाण काढता? बापजाद्यांनी ज्यातून सोडवलं त्यातच पुन्हा पडता का?" हा टोमणा वरवरचा नव्हता. आमच्या आजोबांच्या पिढीने गावातली मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडले ते केवढ्या हिमतीने सोडले, हे आम्ही ऐकत वाढलो. म्हणून त्या बोलण्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. ते काम दुसऱ्याच्या हुकमावर होते, नाही म्हणण्याची सोय नव्हती, आणि ते करणाऱ्यालाच विटाळ मानले जाई. इथे दर आम्ही ठरवतो, नियम आम्ही ठरवतो. गिऱ्हाईक पटले नाही तर नमस्कार करून परत पाठवतो. झाडू तोच असेल, पण हात आता आमचे आहेत. ही गोष्ट मनाशी नक्की झाली आणि मग किळस राहिली नाही.

आमच्या घरात दोन वह्या आहेत. सगळा धंदा त्या दोन वह्यांवर चालतो.

पहिली पाहुण्यांची वही. कुत्रे आले की त्यात मालकाचे नाव, दोन फोन नंबर, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, खाणे काय, औषध कोणते, भीती कशाची, न्यायला कधी येणार, हे सगळे लिहायचे. पण त्याआधी लसीचे कार्ड पाहायचे. कार्ड नाही तर जागा नाही. माजावर आलेली कुत्री असेल तरी जागा नाही. मालकाच्या अंगावरचा एखादा न धुतलेला जुना कपडा मात्र आवर्जून मागून घेतो. पहिल्या रात्री पुष्कळ कुत्री जेवत नाहीत, दाराकडे तोंड करून बसून राहतात. त्या कपड्यावर डोके ठेवले की झोपतात. दिवाळीत फटाक्यांनी सैरभैर होतात, तेव्हा आमच्यापैकी एकजण रात्रभर त्यांच्यातच पथारी टाकतो.

'कार्ड नाही तर जागा नाही' हा नियम आम्ही एकदाच मोडला. ती गोष्ट सांगायला अजूनही जड जाते, पण सांगितली पाहिजे.

२०१९ सालचा मे महिना. आमची लॅब्राडोर जातीची राणी पहिल्यांदाच व्याली होती. सात पिल्ले, पाच आठवड्यांची झालेली. त्याच वेळी नात्यातले एक लग्न होते. मावसभाऊ फटफटीवर तीन महिन्यांचे पिल्लू घेऊन आला. "दादा, चार दिवसांचा प्रश्न आहे. कार्ड घरी राहिलं. लस झाली आहे, वहिनी, माझ्यावर विश्वास नाही का?" नाते मध्ये आले. आम्ही ठेवून घेतले.

तिसऱ्या दिवशी त्या पिल्लाने खाणे सोडले. उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टरांनी पाहताच सांगितले, पार्व्हो. लसीचा एकच डोस झाला होता, पुढचे राहूनच गेले होते. पिल्लाची ताकद आईच्या चिकातून आलेली असते. ती हळूहळू उतरत जाते आणि नेमकी कधी संपेल ते बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचे होईपर्यंत डोस देत राहावे लागतात. एका डोसाने भागत नाही.

पाहुण्यांची बाजू वेगळी होती खरी. पण झाडू एकच होता, पायातल्या चपला त्याच होत्या. पाचव्या-सहाव्या दिवशी राणीची पिल्ले एकामागून एक मलूल झाली. त्यांना लस द्यायला अजून आठवडा होता. सलाईन लावली, रात्रंदिवस बसलो. सातांपैकी चार गेली. ज्याच्यापासून रोग आला ते पिल्लू मात्र वाचले. राणी रिकाम्या कोपऱ्यात जाऊन हुंगायची आणि पुन्हा परत यायची.

आता खरा प्रश्न पुढे होता. पाहुण्यांच्या खोल्यांत आणखी तीन कुत्री होती आणि पुढच्या महिनाभराच्या सगळ्या जागा ठरलेल्या होत्या. लग्नसराई म्हणजे आमच्या कमाईचे दिवस. कोणाला काही कळले नसते. आमच्यापैकी एकाच्या मनात आलेही की, गुपचूप फिनेलने धुऊन घ्यावे आणि पुढे चालावे. पण साध्या फिनेलवर या विषाणूचा भरवसा धरता येत नाही. त्याला ब्लीचिंगचे पाणीच लागते, आणि मातीत तर तो महिनोन्महिने जिवंत राहतो. तेव्हा पाहुण्यांची वही उघडली आणि एकेकाला फोन लावला. झाले ते जसेच्या तसे सांगितले. घेतलेले आगाऊ पैसे परत केले. महिनाभर पाहुणे बंद ठेवले. गोणपाट, चिंध्या, पथाऱ्या जाळल्या. अंगणाच्या ज्या भागात माती होती तिथे पुढे फरशी घातली.

त्या तीन कुत्र्यांची लस पूर्ण होती, त्यांना काही झाले नाही. फोन केलेल्यांपैकी दोघे पुन्हा कधी आले नाहीत. बाकीचे आले, आणि त्यांनी आणखी लोकांना पाठवले. तेव्हापासून दोन्ही बाजूंना झाडू वेगळे, बादल्या वेगळ्या, चपला वेगळ्या. आणि कार्ड सख्ख्या भावाचेही पाहतो.

दुसरी वही पिल्लांची. ती आमची मुलगी आठवीत असल्यापासून लिहीत आली. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ठ. व्यायची वेळ जवळ आली की दिवसातून दोनदा ताप पाहायचा. एरवी १०१-१०२ अंश फॅरनहाइट असतो. तो ९९ च्या खाली उतरला की चोवीस तासांत पिल्ले येणार असे समजायचे आणि त्या रात्री कोणी झोपायचे नाही. जन्मलेल्या पिल्लाला पहिल्या दिवशीच चीक मिळाला पाहिजे. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, म्हणून बल्ब लावून ऊब द्यायची. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधायचा आणि सकाळ-संध्याकाळ वजन करायचे. रडण्यावरून फसगत होते, काटा फसवत नाही. दिवसभरात वजन वाढले नाही तर काहीतरी बिघडले आहे. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. दोन आठवड्यांनी जंताचे पहिले औषध. तीन-चार आठवड्यांपासून पातळ पेज चाटायला द्यायची.

पूर्वी या धंद्यात कोणी विचारणारे नव्हते. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दोन महिन्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांची झाल्यावर तिच्याकडून पिल्ले घेता येत नाहीत. वर्षातून एकदाच, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा नाही. आम्ही नोंदणी केली. कागदपत्रांचा व्याप झाला, पण वही होती म्हणून निभावले.

तरीही कायद्याने सगळेच प्रश्न सुटत नाहीत. राणी २०१७ ची. ती २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ अशी चार वेळा व्याली. चौथ्या वेळी दोन पिल्ले आली आणि पुढे कळाच थांबल्या. मध्यरात्री गाडी करून तिला दवाखान्यात नेले, पोट उघडावे लागले. तीन पिल्ले जिवंत निघाली, एक मेलेले. राणी महिनाभर खंगलेली होती.

२०२४ साली आमच्या मुलीला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. फी भरायची तारीख जवळ आलेली. नेमके त्याच आठवड्यात एक जुने गिऱ्हाईक आले. राणीचीच दोन पिल्ले हवीत, एक स्वतःला, एक भावाला. पूर्ण रक्कम आगाऊ द्यायला तयार. आम्ही हिशेब केला. राणी सात वर्षांची, आठ व्हायला अवकाश होता. चार वेळा झाले होते, पाचवी वेळ नियमात बसत होती. वर्षही उलटून गेले होते. आमच्या तोंडून जवळजवळ होकार निघाला होता.

मुलगी म्हणाली, "बाबा, आधी वही काढा ना." तिने २०२३ चे पान उघडले. वेळा लिहिलेल्या होत्या, राणीचे उतरत गेलेले वजन लिहिलेले होते. ती म्हणाली, "माझी फी भरायला हिला पुन्हा टेबलावर झोपवायचं का? मी तिथं दुसऱ्यांच्या बाळंतिणी सांभाळायला शिकणार आहे ना?" आमच्या आईने भाकरी थापता थापता निकाल दिला. "चार डाव तिनं आपल्या घराले हातभार लावला. आता तिले बसू द्या. पैशाचं मी पाहते."

गिऱ्हाइकाला नकार दिला. आईने आपल्या बचत गटातून कर्ज काढले आणि फी भरली. ते फेडता फेडता दीड वर्ष ओढाताण झाली, हे खोटे कशाला सांगावे? राणीचे पिल्ले न होण्याचे ऑपरेशन करून घेतले. त्या वहीत तिच्या नावापुढे मुलीने स्वतःच्या हाताने लिहिले, 'निवृत्त'.

म्हणून ज्यांनी विचारले त्यांना आमचे सांगणे इतकेच. धंदा परवडतो, पण झटपट पैसा यात नाही. घरातले सगळे राबणार असतील तरच करा. शेजाऱ्यांना भुंकण्याचा त्रास होईल अशी जागा घेऊ नका. ज्यांना फक्त कुत्रे पाळायचे आहे त्यांनी हौसेपोटी बर्फातले दाट केसांचे कुत्रे नागपूरच्या उन्हात आणू नये. गल्लीतले एखादे गावठी पिल्लू आणा, लस द्या, ते जन्मभर साथ देईल. आणि कोणालाही कुत्रे चावले तर जखमेवर हळद, चुना, तिखट लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. रेबीज एकदा उमटला की इलाज नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

आता मुलगी वसतिगृहात असते. पिल्लांची वही मुलाकडे आली आहे. त्याचे अक्षर वाईट आहे, पण वजन चुकवत नाही. राणीच्या तोंडावरचे केस पांढरे झाले आहेत. दुपारी ती आईच्या खाटेखाली झोपते. गिऱ्हाइकाची गाडी दारात आली की एक डोळा उघडून पाहते आणि पुन्हा मिटून घेते.

पुढील अंकी भेटूच.