टाळूवरचं लोणी

तेलाने केस वाढत नाहीत. ‘तीस दिवसांत कमरेपर्यंत केस’ असं छापणारा खोटं बोलतो, आणि ते त्याला पक्कं ठाऊक असतं. डोक्यावर दिसणारा केस मेलेला असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ. तिथे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो आणि त्याला लागणारं अन्न रक्त पोचवतं. म्हणजे वर्षभरात वीतभरही नाही. कमरेपर्यंत यायला चार-पाच वर्षं लागतात.

माझ्या भाचीचे केस गेल्या वर्षी पुंजक्यांनी गळायला लागले. घरात कांद्याचं तेल आलं, मग भृंगराजाचं, मग कुठल्याशा जडीबुटीचं. सहा महिने आम्ही बाटल्या बदलत राहिलो. पोरगी जिना चढताना धापा टाकत होती, ते कुणी पाहिलं नाही. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. शरीरात लोह कमी पडलं की केस गळू शकतात. अशा बाईला लोहाच्या गोळ्या हव्यात आणि हे खोटे दावे छापणारे तिला तेल विकतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपण ऐकले होते, हे जिवंत बाईच्या टाळूवरचं खातात.

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस हाताला येऊ लागले, काही दिवसांत टकलं पडली. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर. मुळाचं दुखणं पोटातून आणि रक्तातून येतं, हे आणखी कसं सांगायचं?

घरातली ‘बदाम तेला’ची बाटली उलटी करा. पुढे बदामांची रास, मागे बारीक अक्षरांत पहिलंच नाव बहुतेकदा लाइट लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल. यादीत जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी लिहिलेलं असतं. हे पेट्रोलियमपासून काढलेलं तेल. त्याने केसांना चकाकी येते, पण पैसे आपण बदामाचे मोजलेले असतात. आपल्या औषध नियमावलीची ‘जे’ अनुसूची टक्कल घालवण्याचा, नवे केस उगवण्याचा दावा औषधालासुद्धा करू देत नाही. मग तेलाने तो राजरोस करायचा आणि आपण माना डोलवायच्या?

तेल टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. माझी आजी शनिवारी संध्याकाळी थिजलेल्या खोबरेलाची वाटी चुलीच्या उबेला ठेवायची. दोन बोटं बुडवून आधी केसांची टोकं माखायची, मग वर यायची. गुंता खालून, बोटांनी सोडवायची, फणी त्यानंतर. सैल वेणी घालायची आणि रविवारी शिकेकाईने न्हाऊ घालायची. केस वाढवल्याचा दावा तिने कधी केला नाही. वाढलेला केस ती तुटू देत नव्हती. कमरेवरचं टोक पाच वर्षांचं असतं, आठवड्याला दोनदा धुतलं तर पाचशेहून जास्त न्हाणी त्याने सोसलेली असतात. दर वेळी केस पाणी पिऊन फुगतो, सुकून आकसतो आणि झिजतो. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि ही झीज कमी करतं. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल शेजारी ठेवून तपासलं. केसातलं प्रथिन राखलं ते फक्त खोबरेलाने. ते दोघं खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही मी लपवणार नाही. पण त्यांनीसुद्धा खोबरेलाने केस उगवतात असं दाखवलेलं नाही.

म्हणून तेल न्हाण्याआधी लावा, लांबीला आणि टोकांना, चमचा-दोन चमचे पुरे. कोंड्यावर तेल थापू नका. कोंड्याची बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते. ओले केस विंचरू नका, मुलींच्या वेण्या कपाळ ताणेपर्यंत आवळू नका.

आणि पुढची बाटली घेण्याआधी कंगव्यातला एक केस उजेडात धरा. टोकाला पांढरा ठिपका नसेल तर तो तुटलाय. त्याला खोबरेल आणि सैल वेणी पुरेल. ठिपका असेल तर तो मुळापासून गळलाय. दिवसाला पन्नास ते शंभर केस असे गळतातच. त्याहून जास्त जात असतील, तर बाईला तेलाच्या दुकानात धाडू नका. तिचं रक्त तपासा.