विष हवे, पण इथल्या मातीतले

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. टेबलाभोवती बसायचे, फासे टाकायचे, गोष्ट रचत जायचे. अशा खेळासाठी विषे आणि जादूच्या वस्तू रचताना हा अंक डिंगोरे-जुन्नरच्या मुलखात उतरला आहे.

ड्रॅगनचे रक्त उसने कशाला आणायचे? आपल्याकडे बिब्बा आहे. परटाच्या हाती तो कपड्यावर न जाणारी खूण करायचा. अंगावर उतला की फोड. गुंज सोनाराच्या तराजूत वजन म्हणून बसायची, पण बी जहाल विषारी. असे दोन चेहरे असले की खेळाडू विचारात पडतो. नुसते ‘दहा गुण वजा’ करणारी कुपी कंटाळवाणी. (खरा बिब्बा टेबलावर आणू नका, फासे पुरेत.)

आणि जुन्नरजवळच्या नाणेघाटातला तो दगडी रांजण! त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात. खेळात नाणे टाकल्याशिवाय घाट उतरता येऊ नये. खोटे टाकले, तर वाट फिरून पुन्हा माथ्यावरच यावी. फुकटची जादू आम्हाला मान्य नाही. नियम पान बारावर.